रूढीचा पुरावा आणि संविधानाचा अधिकार : दौलताबादच्या पायथ्याशी न्यायनिवाड्यांचा अभ्यास

न्यायालयाचा एखादा निवाडा जेव्हा त्या खटल्यातील दोन पक्षांपुरता न राहता पुढच्या असंख्य खटल्यांची दिशा ठरवतो आणि न्यायालयाची पायरी कधीही न चढलेल्या माणसांच्या रोजच्या व्यवहारातही फरक घडवून आणतो, तेव्हा त्याला पथदर्शक निवाडा म्हटले जाते. संविधानाचे अनुच्छेद मोजक्या शब्दांत लिहिलेले असतात. त्या शब्दांची व्याप्ती किती, त्यांचा परस्परांशी संबंध कोणता आणि संकटकाळात त्यांतले काय टिकते, हे प्रत्यक्ष भांडणे न्यायालयापुढे आली म्हणजेच उलगडत जाते. म्हणून राज्यशास्त्राच्या किंवा नागरिकशास्त्राच्या वर्गात संविधान शिकवताना निवाड्यांचा अभ्यास अपरिहार्य ठरतो.

हा अभ्यास बहुतेक वेळा एका यादीत आटोपला जातो. केशवानंद भारती, २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, संविधानाची मूलभूत संरचना संसदेला बदलता येत नाही, एवढे पाठ झाले की विद्यार्थ्याला गुण मिळतात; परंतु भांडण नेमके कशावरून पेटले, दोन्ही बाजूंनी काय म्हटले आणि सहा न्यायाधीशांना बहुमताचे म्हणणे का पटले नाही, हे त्याला सांगता येत नाही. कोणताही निवाडा चार पायऱ्यांनी वाचावा लागतो. प्रथम तथ्ये, म्हणजे घडले काय. मग वादप्रश्न, म्हणजे न्यायालयाला नेमके कशाचे उत्तर द्यायचे होते. त्यानंतर कारणमीमांसा, म्हणजे ते उत्तर कोणत्या तर्काने दिले. आणि शेवटी आदेश, म्हणजे कोणाला काय मिळाले. अमेरिकेतील हार्वर्ड विधी विद्यालयात ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल यांनी १८७० नंतर व्याख्यानांऐवजी प्रत्यक्ष निवाडे समोर ठेवून कायदा शिकवण्याची जी पद्धत रुजवली, तिचा गाभा हाच होता. ती पद्धत भावी वकिलांसाठी होती, तरी भावी नागरिकाला तिची गरज कमी नाही. कारण सत्तेने सांगितलेले कारण तपासून पाहण्याची सवय तिच्यातून लागते.

या पद्धतीने संविधान शिकण्यासाठी मराठवाड्यातील दौलताबादइतके समर्पक स्थळ क्वचितच सापडेल. देवगिरी या नावाने यादवांची राजधानी असलेला आणि १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीऐवजी आपली राजधानी केलेला हा किल्ला सहसा राजेरजवाड्यांच्या इतिहासासाठी पाहिला जातो. याच किल्ल्याच्या दाराशी १९३४ मध्ये जे घडले, त्याचा संबंध भारतीय संविधानातील दोन अनुच्छेदांशी थेट जोडता येतो.

किल्ल्याच्या दारातील पाणी

१९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह नाशिकहून येवलामार्गे वेरूळची लेणी पाहण्यासाठी निघाले होते आणि वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्याचे त्यांनी ठरवले होते. अस्पृश्य प्रवाशांना वाटेत होणारा त्रास टळावा म्हणून या प्रवासाची वाच्यता मुद्दाम करण्यात आली नव्हती. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला एक छोटा हौद होता आणि त्याच्याभोवती दगडी फरसबंदी होती. धुळीने माखलेल्या मंडळींपैकी काहींनी त्या पाण्याने तोंड आणि पाय धुतले. ते आत जाण्याची परवानगी विचारत असतानाच, अस्पृश्यांनी हौद बाटवला असा आरडाओरडा करीत एक वृद्ध मुसलमान गृहस्थ मागून आले, पाहता पाहता जमाव जमला आणि शिवीगाळ सुरू झाली. बाहेरून आलेल्या मंडळींना इथली रीत ठाऊक नसल्याचे सांगून पाहिले, तरी जमाव शांत होईना. उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या हौदाचे पाणी नाकाराल काय, हा आंबेडकरांचा प्रश्न मात्र जमावाला निरुत्तर करून गेला. अखेर त्यांना आत जाण्याची परवानगी मिळाली, ती किल्ल्यात कोठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर; आणि अट पाळली जाते की नाही यावर लक्ष ठेवण्यासाठी एक सशस्त्र शिपाई सोबत देण्यात आला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत आंबेडकरांनी ही हकीकत नोंदवून ठेवली आहे.

वर्गात या प्रसंगाचे वाचन पहिल्या पायरीने, म्हणजे तथ्यांनी करावे लागते, आणि त्यांतले सर्वांत महत्त्वाचे तथ्य जमावाचे वर्तन हे नसून त्या शिपायाची नेमणूक हे आहे. जमावाने रूढी सांगितली, परंतु ती अमलात आणली राज्यसत्तेच्या हत्यारबंद नोकराने. दौलताबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे नागरिकांना मूलभूत हक्कांची हमी देणारे संविधान नव्हते आणि सत्तेचा अंतिम आधार निजामाचे फर्मान हा होता. त्यामुळे दुसऱ्या पायरीवर, म्हणजे वादप्रश्नाशी, अभ्यास अडतो. हौद सर्वांसाठी खुला आहे की नाही, हा प्रश्न कोणत्या न्यायालयात, कोणत्या कायद्याखाली विचारायचा? दौलताबादच्या प्रसंगाचा खटला कधीच झाला नाही. त्याच काळात अगदी असाच प्रश्न ब्रिटिश हद्दीतील मुंबई इलाख्यात मात्र न्यायालयाच्या पायऱ्या चढत होता.

महाडचा दावा

कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. त्यातून उभा राहिलेला दहा वर्षांचा दिवाणी दावा मात्र फारसा वाचला जात नाही. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता. सरकारी खर्चाने बांधलेली किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्या ठरावाचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी आपले तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेला आलेल्या लोकांनी तळ्यावर जाऊन पाणी घेतले आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करण्याचे जाहीर होताच महाडच्या काही स्पृश्य रहिवाशांनी आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी न्यायालयात दावा दाखल करून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दाव्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत एखादी गोष्ट करू नये असा जो आदेश न्यायालय देते, त्याला तात्पुरता मनाई हुकूम म्हणतात. २५ डिसेंबर १९२७ रोजी हजारोंच्या संख्येने जमलेल्या सत्याग्रहींनी मनुस्मृतीचे दहन केले; तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम मात्र न्यायालयाच्या हुकमाचा मान राखून पुढे ढकलण्यात आला.

वादींचे म्हणणे दुहेरी होते. तळे सार्वजनिक नसून ते स्पृश्य हिंदूंच्या मालकीचे आहे, हे पहिले. आणि मालकी कोणाचीही असली तरी अनादी काळापासून चालत आलेल्या रूढीने अस्पृश्यांना तेथे मज्जाव आहे, हे दुसरे. रूढीला इंग्रजी अमदानीतील न्यायालये कायद्याचे बळ देत असत, परंतु त्यासाठी ती प्राचीन, अखंड, निश्चित आणि वाजवी असल्याचे सिद्ध व्हावे लागे, आणि हे सिद्ध करण्याची जबाबदारी रूढी सांगणाऱ्यावर असे. या जबाबदारीला पुराव्याचा भार असे म्हणतात. महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये दावा फेटाळला, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाने १९३३ मध्ये अपील फेटाळले, आणि नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर या नावाने ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. दौलताबादच्या दाराशी आंबेडकरांना अडवण्यात आले ते याच दोन अपिलांच्या मधल्या काळात; एका राज्यात ते प्रतिवादी म्हणून पाण्याचा हक्क न्यायालयात लढवत होते आणि दुसऱ्या राज्यात त्यांना दाद मागायला जागाच नव्हती.

१७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्या खंडपीठाने वादींचे अपील फेटाळले. १९२२ मध्ये अहमदाबादला महात्मा गांधींवरील राजद्रोहाचा खटला चालवणारे ब्रूमफिल्ड ते हेच. तळे नगरपालिकेचे ठरले होते आणि वाद रूढीवर येऊन ठेपला होता. पूर्वी अस्पृश्य त्या तळ्यावर जात नव्हते एवढ्यावरून त्यांना मज्जाव करणारी, कायद्याने मानावी अशी स्मरणातीत रूढी सिद्ध होत नाही, हा या निवाड्याचा आधार होता. चवदार तळ्याचे पाणी न्यायालयाच्या दृष्टीने सर्वांचे ठरले.

निवाड्याने जे सांगितले नाही

निवाडा वाचण्याची खरी कसोटी येथून पुढे आहे. उच्च न्यायालयाने अस्पृश्यता अन्यायकारक आहे असे म्हटले नाही, तर वादींना रूढी सिद्ध करता आली नाही असे म्हटले. ती सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे काय, हे तपासावे लागले असते, परंतु तो प्रश्न उरलाच नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. निकालासाठी जेवढे आवश्यक आहे तेवढेच ठरवायचे, ही न्यायालयांची जुनी शिस्त आहे. ज्या तर्कावर निकाल प्रत्यक्ष उभा असतो त्याला निर्णयसूत्र म्हणतात आणि पुढच्या खटल्यांत तेच बंधनकारक ठरते. ओघात व्यक्त झालेल्या मताला प्रासंगिक मत म्हणतात, आणि त्याला तसे बंधन नसते. महाडच्या निवाड्याचे निर्णयसूत्र पुराव्यापुरते मर्यादित होते. दुसऱ्या एखाद्या गावातील वादींनी अधिक जुने कागद आणि अधिक ठाम साक्षीदार आणले असते, तर त्याच सूत्राच्या आधारे तेथील निकाल उलटा लागण्याची शक्यता शिल्लक होती. शिवाय निजामाच्या राज्यातील दौलताबादला हा निवाडा लागूही नव्हता.

ही मर्यादा लक्षात आल्यावर संविधानातील काही अनुच्छेद वेगळ्याच तेजाने वाचता येतात. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडानुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणत्याही नागरिकावर विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागांबाबत निर्बंध घालता येत नाही, मग त्या जागा पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशाने राखलेल्या असोत किंवा सर्वसामान्य जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेल्या असोत. एरवी शुष्क वाटणारी ही यादी दौलताबाद आणि महाड माहीत असलेल्या विद्यार्थ्याला शुष्क वाटत नाही. तलाव हा शब्द तेथे का आला, हे त्याला सांगावे लागत नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध ठरवले. संविधान सभेने ही तरतूद २९ नोव्हेंबर १९४८ रोजी स्वीकारली. अनुच्छेद १३ ने मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले कायदे शून्य ठरवताना कायदा या संज्ञेत रूढीचाही समावेश केला. या तिन्हींचा एकत्रित परिणाम असा, की १९३७ मध्ये जो प्रश्न रूढी सिद्ध झाली की नाही असा होता, तो २६ जानेवारी १९५० नंतर रूढी कितीही सिद्ध झाली तरी चालणार नाही, या उत्तराने कायमचा मिटला. वादींकडे दोनशे वर्षांपूर्वीचा अस्सल कागद असता तर १९३७ मध्ये काय झाले असते आणि १९५० नंतर काय झाले असते, एवढा एकच प्रश्न वर्गाला लिहायला दिला, तरी संविधानाने नेमके काय बदलले ते विद्यार्थ्यांना स्वतःच्या तर्काने गवसते.

अधिकार लिहिला गेल्याने तो आपोआप मिळत नाही, हेही याच धाग्याने शिकवता येते. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने पाणवठ्यावर अडवणे हा गुन्हा ठरवला आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य झाल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद केली. १९७६ पासून हा कायदा नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. तरीही कर्नाटकात नव्याने खोदलेल्या कूपनलिकेवर अस्पृश्य म्हणून पाणी भरू न देण्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कर्नाटक राज्य विरुद्ध अप्पा बाळू इंगळे या त्या खटल्यात उच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले होते, आणि १ डिसेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. महाडपासून साडेसहा दशकांनी भांडण पुन्हा पाण्याचेच होते. परंतु आता पाणी मागणारे प्रतिवादी नव्हते, अडवणारे आरोपी होते आणि फिर्यादीच्या बाजूने राज्य उभे होते. दौलताबादच्या दारात राज्याचा शिपाई पाण्याला माणसांपासून वाचवत होता. संविधानाने त्याच राज्यावर माणसांचा पाण्याचा हक्क राखण्याचे कर्तव्य सोपवले. राज्याची बाजू अशी बदलणे हे संविधानाचे सर्वांत मोठे काम आहे आणि निवाड्यांच्या अभ्यासातून विद्यार्थ्याला सर्वप्रथम तेच दिसले पाहिजे.

चिनी महाल आणि बंदिवानाचा अर्ज

किल्ल्याची चढण चढू लागल्यावर चिनी महालाचे अवशेष लागतात. १६८७ मध्ये गोवळकोंडा जिंकल्यावर औरंगजेबाने शेवटचा कुतुबशाही सुलतान अबुल हसन तानाशाह याला येथे कैदेत ठेवले आणि तो मरेपर्यंत कैदेतच राहिला. त्या कैदेचे कारण विचारण्याचा अधिकार असलेली कोणतीही संस्था बादशहाच्या साम्राज्यात नव्हती. आधुनिक कायद्यात असा अधिकार एका अर्जाने मिळतो आणि त्याला बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतात. कोठडीत ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करा आणि तिला कोणत्या कायद्याने अडकवले ते सांगा, असा आदेश न्यायालय या अर्जावर सत्तेला देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाला अनुच्छेद ३२ ने आणि उच्च न्यायालयांना अनुच्छेद २२६ ने हा अधिकार दिला आहे.

या अधिकाराची सर्वांत कठोर परीक्षा आणीबाणीत झाली. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाल्यावर राष्ट्रपतींच्या आदेशाने जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क न्यायालयामार्फत बजावून घेण्याची सोय तहकूब करण्यात आली आणि अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, म्हणजे मिसाखाली, अनेकांना स्थानबद्ध करण्यात आले. स्थानबद्धता म्हणजे गुन्हा सिद्ध झाल्याबद्दलची शिक्षा नव्हे, तर पुढे काही करील या संशयावरून माणसाला आधीच अडकवून ठेवणे. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी, अशा स्थितीतही स्थानबद्धता कायद्याला धरून आहे की नाही हे तपासता येते, असे ठरवले. जबलपूरचे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी विरुद्ध शिवकांत शुक्ला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने त्या उच्च न्यायालयांचे निर्णय रद्द केले. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना वेगळ्या मताचे होते. कायद्याच्या आधाराविना कोणाचेही जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकार राज्याला आणीबाणीतही नाही, असे त्यांनी नोंदवले. ज्येष्ठतेनुसार पुढच्या वर्षी सरन्यायाधीशपद त्यांच्याकडे यायला हवे होते. ते मिर्झा हमीदुल्ला बेग यांना देण्यात आले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला.

बहुमताच्या चार न्यायाधीशांत पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड होते. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही तहकूब करता येणार नाहीत, अशी व्यवस्था केली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या पुट्टस्वामी प्रकरणात, यशवंतरावांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी १९७६ चा तो निवाडा चुकीचा असल्याचे नमूद करून तो रद्दबातल झाल्याचे लिहिले. वडील आणि मुलगा या नात्यामुळे हा तपशील लक्षात राहतो, परंतु त्यातला धडा नात्याहून मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल अंतिम असतो, तो बिनचूक असतोच असे नाही. अल्पमतात राहिलेला निवाडा त्या दिवशी कोणालाही तुरुंगातून सोडवत नाही, पण त्यात मांडलेला तर्क पुढच्या पिढीच्या हाती राहतो. अमेरिकेत १८९६ मध्ये रेल्वेच्या डब्यांतील वर्णभेद वैध ठरला तेव्हा न्यायमूर्ती हार्लन एकटेच विरोधात होते. १७ मे १९५४ रोजी ब्राउन प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळांतील वर्णभेद एकमताने घटनाबाह्य ठरवला. म्हणून वर्गात बहुमताच्या निवाड्याइतकाच अल्पमताचा निवाडाही वाचला गेला पाहिजे आणि कोणता तर्क अधिक सबळ आहे, हे विद्यार्थ्याने कारणे देऊन सांगितले पाहिजे.

न्यायालयाचे अंतर

हक्क आणि त्याचा उपाय यांच्यामध्ये प्रत्यक्ष किलोमीटरही असतात, हे मराठवाड्याने सोसलेले सत्य आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, २६ जानेवारी १९५० रोजी दौलताबादसह संपूर्ण हैदराबाद राज्य संविधानाच्या छत्राखाली आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला. या भागाचे उच्च न्यायालय आता हैदराबादऐवजी मुंबईत होते. औरंगाबादहून ते सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर, आणि नांदेडच्या पक्षकाराला तर त्याहून कितीतरी लांब. बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज ज्या न्यायालयात करायचा तेथे पोहोचण्याचा खर्चच परवडत नसेल, तर अनुच्छेद २२६ त्या माणसापुरता अपुरा राहतो.

उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्यपालांच्या संमतीने, राज्यपुनर्रचना अधिनियमाच्या कलम ५१ च्या तिसऱ्या पोटकलमाचा आधार घेऊन, २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादेत न्यायाधीशांची बैठक सुरू केली. या आदेशाला आव्हान मिळाले आणि उच्च न्यायालयानेच तो बेकायदेशीर ठरवला. प्रश्न तांत्रिक वाटावा असा होता : १९६० मध्ये मुंबई पुनर्रचना अधिनियमाने महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाल्यावर १९५६ च्या कायद्यातील ते कलम महाराष्ट्रासाठी जिवंत राहिले की संपले? महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक या प्रकरणात ऑक्टोबर १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम जिवंत असल्याचा निर्वाळा दिला आणि मुख्य न्यायमूर्तींचा आदेश वैध ठरला. १९८४ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने औरंगाबादला कायम खंडपीठ मिळाले. त्याच कलमाच्या आधारे १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात फिरते खंडपीठ सुरू झाले, यावरून एका निवाड्यातील निर्णयसूत्र चार दशकांनंतर दुसऱ्या प्रदेशातील लोकांना कसे उपयोगी पडते, हे विद्यार्थ्याला समकालीन उदाहरणाने दाखवता येते.

दौलताबादच्या शाळकरी मुलांसाठी हे खंडपीठ आता तासाभराच्या अंतरावर आहे. न्यायालयाचे कामकाज सामान्यतः सर्वांना खुले असते. खुल्या न्यायालयाचे तत्त्व म्हणतात ते हेच, आणि न्याय लोकांच्या डोळ्यांदेखत व्हावा हा त्यामागचा हेतू आहे. शिक्षकांनी रीतसर परवानगी घेऊन मुलांना एखादी सुनावणी दाखवली, तर पुस्तकातील याचिकाकर्ता, उत्तरवादी आणि सरकारी वकील हे शब्द त्यांना माणसांच्या रूपाने भेटतात.

वर्गातील वाचन

वर्गात निवाडा हाताळताना सुरुवात निकालाने करू नये. निकाल आधी कळला की विद्यार्थी तोच बरोबर मानून मागे तर्क शोधू लागतो. तथ्ये सांगून थांबावे, वर्गाचे दोन गट करून एकाला वादीची आणि दुसऱ्याला प्रतिवादीची बाजू तयार करायला लावावी, आणि तिसऱ्या छोट्या गटाने न्यायाधीश म्हणून लेखी कारणांसह निर्णय द्यावा. खरा निवाडा त्यानंतर वाचावा. महाडच्या दाव्यात वादींची बाजू मांडणे आजच्या विद्यार्थ्याला जड जाते, आणि ते जड जाणेच शिक्षणाच्या दृष्टीने मोलाचे आहे. कारण न पटणारा युक्तिवाद त्याच्या सर्वांत सबळ रूपात समजल्याशिवाय त्याचे खंडन सबळ होत नाही. निर्णय देणाऱ्या गटाला मात्र एक अट घालावी : आपल्याला काय आवडते ते लिहायचे नाही, कोणत्या अनुच्छेदामुळे, कोणत्या तथ्यावरून आणि कोणत्या तर्काने हा निष्कर्ष निघतो, ते लिहायचे.

यापुढची पायरी आदेशानंतरच्या आयुष्याची आहे. निवाड्याची अंमलबजावणी झाली का, कायदा बदलला का, पुढच्या न्यायालयाने तो निवाडा मान्य केला, मर्यादित केला की रद्द केला, हे प्रश्न विचारले की न्यायालय, संसद आणि समाज यांचे परस्परांवरील परिणाम एका सलग इतिहासात दिसू लागतात. अनुच्छेद १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. परंतु गावातल्या पाणवठ्यावर तो पोहोचवण्याचे काम न्यायालयाला एकट्याने करता येत नाही. त्यासाठी अडवणूक होताच ती बेकायदेशीर आहे हे ओळखणारा, कोणाकडे जायचे हे माहीत असलेला आणि जाण्याचे धैर्य असलेला नागरिक लागतो.

शिक्षणाचे हे प्रयोजन आंबेडकरांनी स्वतः कृतीने दाखवले होते. दौलताबादच्या दाराशी अडवले गेल्यानंतर सोळा वर्षांनी, १९५० मध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने त्यांनी त्याच जिल्ह्यातील औरंगाबाद शहरात महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. संविधान लागू झाले त्याच वर्षी, उच्च शिक्षणात मागे राहिलेल्या या प्रदेशात महाविद्यालय उभे करण्यामागे, लिहिलेले हक्क वाचणारी आणि वापरणारी पिढी घडल्याशिवाय ते हक्क टिकणार नाहीत, ही जाणीव स्पष्ट दिसते. निवाड्यांचा अभ्यास ज्या वर्गात नीट होतो, तेथून बाहेर पडणारा विद्यार्थी कोणत्याही निर्बंधापुढे, मग तो रूढीच्या नावाने येवो, सुरक्षेच्या नावाने येवो की बहुमताच्या नावाने, त्याचा कायदेशीर आधार विचारतो आणि मिळालेले उत्तर संविधानाशी ताडून पाहतो; लोकशाहीत नागरिकशास्त्राच्या तासाला याहून मोठे उद्दिष्ट असू शकत नाही.